बघू या, मग दिसेलच

वाचक विचारतात

प्रश्न : मॅडम, मी नर्स आहे. जर्मन बी-वन पास झाले, बी-टूची तयारी चालू आहे. श्टुटगार्टच्या बाजूला एका रुग्णालयात जायचं जवळजवळ नक्की झालंय. पुस्तकात 'बघणे' म्हणजे 'झेएन' असं शिकवलं. ऑनलाइन सरावाला जी जर्मन बाई असते ती सारखी 'गुक माल' म्हणते. क्लासचे सर 'शाउ माल' म्हणतात. माझा मावसभाऊ बर्लिनला आहे, तो म्हणतो इथे 'कीक मा' ऐकू येतं. एका साध्या 'बघ'साठी किती शब्द पाठ करायचे? आणि परीक्षेत कुठला लिहायचा?
— एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : अगं, तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची असेल. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी (त्याची राजधानी तुझं श्टुटगार्ट) मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात. बहुतेकांचा प्रश्न व्हिसाचा असतो. तू 'बघ'चा विचारलास, म्हणून आज जागा जास्त तुझी.

आधी 'माल'चं उरकू. त्याचा दादर मार्केटातला अर्थ डोक्यातून काढ. ते नुसतं 'जरा' आहे. गुक माल, म्हणजे जरा बघ.

आता 'झेएन'. हा झ 'झरा'तला, 'झिम्मा'तला नव्हे. या क्रियापदाचं मराठी 'बघणे' असं शिकवतात तिथेच गाडी रुळावरून घसरते. 'झेएन' मुख्यतः 'दिसणे' आहे. डोळे उघडे आहेत, समोर वस्तू आहे, ती दिसली. मुद्दाम मान वळवून, नजर लावून करायचं ते 'बघणे' वेगळं, आणि त्या 'बघणे'ला जर्मन मुलखात प्रत्येक प्रांताने आपापला शब्द ठेवलाय. तुला आले ते सगळे याच दुसऱ्या गटातले.

हे मला वर्गात कळलं नाही. छापखान्यात कळलं.

1988चा जुलै. मी तेव्हा दुभाष्याचं काम करायची. लोअर परळच्या एका छापखान्यात नवं चार रंगी ऑफसेट मशीन आलं होतं आणि ते बसवायला लँड्सहूटजवळच्या एका खेड्यातला, म्हणजे पक्का बवेरियन, मेकॅनिक आला होता. बाहेर चार दिवस धो धो पाऊस. हवेतली ओल पिऊन कागद फुगत होता, आणि फुगलेल्या कागदावर रंग जागेवर बसत नव्हते. मेकॅनिकने शीट टेबलावर पसरलं, कोपऱ्यातल्या रजिस्टरच्या फुलीवर (रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते दाखवणारी खूण) भिंग ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शाउग!"

मी सात वर्षं जर्मन शिकलेली, मॅक्स म्युलर भवनाची प्रमाणपत्रं फाइलला लावून ऐटीत आलेली. मला हा शब्दच माहीत नव्हता. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, "शाउग ही!" मशीनमन काका कुडाळकडचे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, ह्या सायबाक कसलो शौक हा?"

मी काय उत्तर देणार? मी घामाघूम. तेवढ्यात काका स्वतःच वाकले, भिंगाला डोळा लावला. मेकॅनिकने विचारलं, "सिगस्ट?" आणि काकांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "दिसता, दिसता. निळो सरकलो."

निळ्याची फुली काळ्याच्या फुलीपासून केसभर बाजूला गेली होती. दोघांचं काम झालं होतं, दुभाषी उभीच. 'शाउग' म्हणजे पुस्तकातलं 'शाउ', बवेरियात त्याला शेवटी ग चिकटतो. आणि 'सिगस्ट' हे 'झेएन'चंच रूप : दिसतंय का? आधी बघ, मग दिसलं का ते सांग. कुडाळचा माणूस आणि लँड्सहूटचा माणूस हा फरक आईच्या दुधाबरोबर शिकून आले होते. मी मात्र दोन्हीला एकच शब्द पाठ करून बसले होते.

त्याच संध्याकाळी दुसरी फजिती झाली. मालकांनी विचारलं, मशीन चालू कधी होणार? मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "शाउन मा माल." मी प्रामाणिक भाषांतर केलं, "बघू या." मालक भडकले. आपल्या मुंबईत 'बघू' म्हणजे काय हे तुला सांगायला नको. उधार मागितलं की 'बघू', सुट्टी मागितली की 'बघू', स्थळ नाकारायचं असलं की 'बघू, कळवतो'. मालकांना वाटलं हा गोरा टाळतोय. खरं म्हणजे त्या वाक्याला पुढे शेपूट असतं, ते त्याने जरा थांबून जोडलं. पूर्ण म्हण अशी : शाउन मा माल, डान झेन मा शो. बघू या, मग दिसेलच. एका वाक्यात 'शाउअन' आणि 'झेएन' दोन्ही, आणि प्रत्येक आपापल्या जागी! व्याकरणाच्या पुस्तकात दोन पानं खर्चून हा फरक इतका स्वच्छ सांगत नाहीत. फुटबॉल बघणाऱ्यांना या म्हणीचा पहिला अर्धा भाग फ्रान्झ बेकेनबाउअरच्या तोंडचा म्हणून माहीत असेल. 1974चा विश्वचषक जिंकलेला कर्णधार आणि 1990चा विजेता प्रशिक्षक, म्यूनिकचाच. पत्रकारांनी काहीही विचारलं की 'शाउन मा माल' हे त्याचं ठरलेलं उत्तर असे. (मशीन पाचव्या दिवशी चाललं. कागद आधी दोन दिवस मशीनखान्यातच उघडा ठेवून तिथल्या हवेत मुरू द्यायचा, एवढाच उपाय होता.)

तर आता नकाशा डोळ्यांसमोर आण. दक्षिणेला बवेरिया आणि ऑस्ट्रिया, तिथे 'शाउअन'. मधल्या पट्ट्यात, तुझ्या श्टुटगार्टपासून फ्रँकफर्ट आणि सॅक्सनीपर्यंत, 'गुकन'. उत्तरेकडे लोक हाच शब्द लिहिताना ग लिहितात आणि म्हणताना 'कुकन' म्हणतात. म्हणून वर्गातल्या श्रुतलेखनात मी क लिहिला होता आणि हँबर्गच्या बाईंनी त्यावर लाल गोल केला होता. तुम्हीच तसं म्हणालात, हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. पुढे डूडन या कोशात क-वाला 'कुकन'ही उत्तरेकडचं रूप म्हणून दिलेला सापडला, तेव्हा त्या गोलाचा राग थोडा निवळला. समुद्राकडच्या सखल प्रदेशाची जुनी बोली आणि बर्लिन इथे 'कीकन', म्हणजे डच लोकांच्या 'काइकन'चा सख्खा भाऊ. कोलोनमध्ये 'लूर एन्स' म्हणतात, तो शब्द प्रमाण जर्मनमधल्या 'दबा धरून बसणे'चा नातलग. नुसतं बघायचं तरी कोलोनकर दबा धरतो, असं म्हणायला हरकत नाही.

ही विविधता कुणाला नकाशावर मांडावीशी वाटली तर नवल नाही. 1876 साली गेओर्ग वेंकर नावाच्या तरुणाने ऱ्हाइनकाठच्या शाळामास्तरांना काही साधी वाक्यं पाठवली आणि कळवलं, तुमच्या गावात हे कसं म्हणतात ते लिहून पाठवा. पुढे तो उद्योग वाढत वाढत चाळीस वाक्यं आणि चाळीस हजारांहून जास्त गावं इथवर गेला. आपल्याकडे ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय भाषांची पाहणी करताना तेच काम बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावच्या बोलीत उतरवून घेऊन केलं. त्या पाहणीचा मराठीचा खंड 1905चा.

परीक्षेचं विचारलंस. लिहिताना 'शाउअन' किंवा 'आनझेएन' (म्हणजे निरखून पाहणे) लिही, कुठलाही परीक्षक खोड काढणार नाही. 'गुकन' घरगुती आहे, अर्जात किंवा औपचारिक पत्रात नको. पण वॉर्डात, चहाच्या खोलीत, सहकाऱ्यांशी बोलताना बिनधास्त 'गुक' म्हण. 'झी माल' हे पुस्तकी आज्ञार्थी रूप फार चालवू नकोस. ते म्हणणं म्हणजे आपल्या नर्सने "अवलोकन कर गं जरा" म्हटल्यासारखं. रुग्णाला अर्थात अहोजाहो : "शाउअन झी माल."

खरी काळजी कर ती दुसऱ्याच शब्दांची. श्टुटगार्टची बोली श्वेबिश. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणे, श्वेबिशमध्ये 'हेबन' म्हणजे धरून ठेवणे. उचलायला त्यांचा शब्द 'लुप्फन'. म्हातारे आजोबा पलंगावरून उठताना 'हेब!' म्हणाले तर ते 'मला घट्ट धर' म्हणतायत, 'वर उचल' नव्हे. 'लाउफन' म्हणजे तिथे चालणे, पळणे नाही. पळायला ते 'श्प्रिंगन' म्हणतात, जो पुस्तकात उडी मारण्याचा शब्द आहे. आणि 'श्मेकन', जे तू चव लागण्यासाठी शिकलीस, ते त्यांच्याकडे वास येण्यालाही चालतं. एखाद्या आजीने खोलीत 'इथे श्मेक्ट' म्हणून नाक मुरडलं तर जेवणाचं कौतुक समजू नकोस, खिडकी उघड. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिही. 'गुक' तुला आठवड्यात आपोआप येईल.

प्रश्न : माझी लेक झुरिकला असते, जावई तिथलाच. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंशी पहिल्यांदाच बोलले. मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मोबाइलवर रोज पंधरा मिनिटं जर्मन शिकते. निरोप घेताना त्या 'विडर' आणि पुढे 'लुगे' असं काहीतरी म्हणाल्या. माझ्या माहितीप्रमाणे 'ल्यूगे' म्हणजे खोटं! 'पुन्हा खोटं' असं त्या का म्हणाव्यात? लेकीला विचारायचा संकोच वाटतो.
— एक आजी, विलेपार्ले

उत्तर : आजी, विहीणबाईंचं मन अगदी साफ आहे. त्या म्हणाल्या 'उफ विडरलुअगे', म्हणजे 'पुन्हा भेटू'. स्विस बोलीत बघण्याला 'लुअगे' म्हणतात. 'ल्यूगे'शी त्याचा काही संबंध नाही, कानाला जवळ वाटतं इतकंच. इंग्रजीतला 'लुक' याच कुळातला मानतात.

गंमत अशी की निरोपाचा शब्द ऐकून माणूस कुठला ते ओळखता येतं. तुम्ही शिकलात तो 'आउफ वीडरझेएन'. तोच व्हिएन्ना किंवा म्यूनिकच्या दुकानात 'आउफ वीडरशाउअन' होतो आणि झुरिकला 'उफ विडरलुअगे'. वाक्य एकच, पुन्हा एकमेकांना बघेपर्यंत, पण बघणं ज्याचं त्याचं. नुसत्या फोनवर, जिथे तोंडच दिसत नाही, तिथे जर्मन लोक 'आउफ वीडरह्यॉरन' म्हणतात, पुन्हा ऐकेपर्यंत. इतका काटेकोरपणा आपल्या 'ठेवते गं' मध्ये नाही.

एक मात्र लक्षात घ्या. हा निरोप अहोजाहोचा आहे. विहीणबाईंनी पहिल्या भेटीत मान राखला. पुढेमागे त्या 'चाओ' किंवा 'च्युस' म्हणायला लागल्या की समजायचं, तुमचं अरेतुरे सुरू झालं. तुम्ही पुढच्या वेळी 'उफ विडरलुअगे' म्हणून बघा. स्विस माणसाला परक्याच्या तोंडून आपली बोली ऐकली की काय आनंद होतो तो पडद्यावर तुम्हाला दिसेल.

हाच 'लुअग' न्युर्नबर्गच्या किल्ल्यात एका बुरुजाच्या नावात बसलाय. 'लूगइन्सलांड', मुलुखाकडे बघ. 1377 साली शहरवाल्यांनी तो उभारला, आणि खरा उद्देश मुलुख बघण्याचा कमी, शेजारच्या गढीत सरदाराचं काय चाललंय ते बघण्याचा जास्त. त्याचा उत्तरेकडचा भाऊबंद आज एस्टोनियात आहे. तालिन शहरात जुन्या काळी जर्मन व्यापाऱ्यांची वस्ती होती, तिथल्या पंधराव्या शतकातल्या तोफांच्या बुरुजाचं नाव 'कीक इन दे क्यॉक', म्हणजे स्वयंपाकघरात डोकाव! वरून शिपायांना खालच्या घरांतल्या चुली दिसायच्या म्हणून. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. आमच्या गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या एका काकूंना मी मनातल्या मनात हेच नाव दिलं होतं. त्यांना चार बिऱ्हाडांच्या कढईत काय आहे ते झाकण असलं तरी ठाऊक असायचं.

प्रश्न : मी निवृत्त संस्कृत शिक्षक. जर्मन ही संस्कृतची कन्या आहे असे एका व्याख्यानात ऐकले. मग 'दृश्' किंवा 'पश्य' या धातूंचे काही अवशेष जर्मनमध्ये आहेत काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर, कन्या नव्हे, फार तर दूरची बहीण. दोघींची आई एक, आणि त्या आईचं एकही पत्र आपल्या हाती नाही, तिचा चेहरा लेकींच्या चेहऱ्यांवरून जुळवावा लागतो. व्याख्यात्यांना मुलगी-आईचं नातं आवडतं, टाळ्या मिळतात. पण तसा पुरावा नाही.

बहिणींची साम्यं मात्र बघण्यासारखी आहेत. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं असेल की 'दृश्'चं वर्तमानकाळी रूप 'दृश्'पासून होत नाही, तिथे 'पश्यति' येतं. एका कामाला दोन धातू, अर्धं काम एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं. यातला 'पश्' मुळात 'स्पश्'. वेदात 'स्पश' म्हणजे हेर. जर्मनमध्ये त्याचा जोडीदार 'श्पेएन', टेहळणी करणे, आणि इंग्रजीतला 'स्पाय' याच गोतावळ्यातला.

दुसरं साम्य मला जास्त भावतं. 'विद्' म्हणजे जाणणे, आणि लॅटिनमध्ये त्याच धातूचं 'विडेरे' म्हणजे पाहणे. जर्मन माणूस 'मला माहीत आहे' याला 'इश वाइस' म्हणतो. हे 'वाइस' रूपाने जुनं भूतकाळी आहे, अगदी आपल्या वैदिक 'वेद' या रूपासारखं. दोन्हींचा जुना अर्थ 'मी पाहिलं आहे', म्हणून मला ठाऊक आहे. न पाहता ठाऊक असण्याची सोय तेव्हा बहुधा नव्हती. आता मोबाइलवर ती आहे.

आणि वर त्या कांजूरमार्गच्या मुलीसाठी ज्या 'शाउअन'बद्दल इतकं लिहिलं, त्याचा मूळ धातू 'लक्ष देणे, ध्यानात घेणे' अशा अर्थाचा. संस्कृतमध्ये त्याच धातूपासून आलेला शब्द म्हणजे 'कवि'. ऋग्वेदात कवी हा आधी द्रष्टा आहे, शब्द जुळवणारा नंतर. इंग्रजीत तोच धातू 'शो' होऊन बसला. आधी त्याचा अर्थही 'बघणे' होता, नंतर उलटून 'दाखवणे' झाला. कवी आणि शो एकाच घरातले! आपल्याकडच्या काही कविसंमेलनांत त्याचा प्रत्यय येतो, पण तो विषय इथे नको.

जाता जाता : ज्यांच्या नावाचं भवन मुंबईत आहे त्या मॅक्स म्युलरनी ऋग्वेदाचं संपादन केलं, पण ते भारतात कधी आले नाहीत.

प्रश्न : आम्ही मूळचे धुळ्याकडचे. घरात आई अजून 'देख' म्हणते. माझी मुलगी बदलापूरच्या शाळेत तसं बोलली तर मुलांनी 'हिंदी बोलते' म्हणून चिडवलं. काय सांगू तिला?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तिला सांगा, चिडवणाऱ्यांना विचार की गणपतीत रांग लावून काय बघायला जाता? 'देखावा'च ना? मुलगी 'देखणी' कशी झाली? सोसायटीची 'देखरेख' कोण करतं? 'देखणे' हे मराठीचं जुनं, घरचं क्रियापद. ज्ञानेश्वरीत ते पानोपानी भेटेल. पुढे प्रमाण मराठीने ते बाजूला ठेवलं आणि 'पाहणे', 'बघणे' हाती धरलं. अहिराणीने टाकलं नाही, म्हणून तुमच्या आई 'देखस' म्हणतात. नागपूरचा माणूस 'पाहून राहिलो' म्हणतो, गोव्यात 'पळय' म्हणतात, दादरला 'बघ ना'. यातला कुठलाही शब्द हिंदीकडून उसना आणलेला नाही.

मुलीला जमलं तर आजीकडून अहिराणीतली आणखी दहा क्रियापदं लिहून घ्यायला सांगा आणि मला पाठवा. पत्र जरूर मोठं असू द्या, आजींच्याच शब्दांत.